पाठची

पेनिकुकच्या बाहेर, मेंढ्यांच्या कुरणांपलीकडे
पत्र्याची लांब शेड.
नोव्हेंबरात पावणेचारलाच दिवे लावावे लागतात.
वॉटी केर्न्स पेंढा पसरतो,
आणि जाता जाता प्रत्येकीच्या पाठीवर एक थाप,
हजेरी घेतल्यासारखी.

माझ्या ट्रेमध्ये चोवीस सिरिंजा.
बारांत भीती आहे. बारांत मीठपाणी.
भीती म्हणजे पाण्यात विरघळलेली चिमूटभर पांढरी पूड:
मेंदू संकटात जो निरोप धाडतो
मूत्रपिंडांवर बसलेल्या दोन इवल्या ग्रंथींना,
तोच निरोप, कारखान्यात लिहिलेला.
अंगावर येणारं कुत्रं नाही, ट्रकची फळी नाही,
सुरी तर नाहीच. नुसता निरोप.
आणि शरीर निरोप्याला विचारत नाही,
तुला पाठवलं कुणी.

कानामागे, मानेत टोचायचं.
मग दर अर्ध्या तासाने
दोरीला बांधलेला कापसाचा बोळा तोंडापुढे धरायचा.
त्यांना आवडतो तो. चघळतात, ओढतात,
सात नंबर तर रस्सीखेचच मांडते.
भीतीने तोंडचं पाणी पळतं, असं आपल्याकडे म्हणतात.
मी इथे तोंडचं पाणी गोळा करते
आणि त्यातली भीती मोजते.

तासाभराने सात नंबर आडवी झाली
माझ्या गमबुटावर हनुवटी टाकून.
घोरायला लागली.
तिच्या रक्तात त्या वेळी गाव पेटलं होतं,
तिला कुणी कळवलं नव्हतं.

वॉटी कठड्यावर कोपरं टेकून म्हणाला,
"ही घाबरलीय म्हणतेस?"
मी म्हटलं, अंग घाबरलंय. ती नाही.
बराच वेळ तो पेंढ्याची काडी सोलत राहिला.
"माझी बायको गेली तेव्हा उलटं होतं," म्हणाला.
"जेवलो. ट्रॅक्टर चालवला. हातसुद्धा हलला नाही."

शुक्रवारी आकडे आले.
भीतीवाल्या बारा जणी चढल्या, उतरल्या,
पेंटलंडच्या टेकड्यांसारख्या गोल, शहाण्या रेघा.
मीठपाण्याच्या अकरा सपाट.
आणि एकोणीस नंबर.
तिला मीठपाणीच टोचलं होतं, मी स्वतः, सही आहे माझी.
तिची रेघ सातच्याही वर,
आणि खाली यायचं नाव नाही.

डॉक्टर डॅलग्लिश म्हणाल्या, नमुना बिघडला असेल, पुन्हा कर.
पुन्हा केलं. तेच.
मग म्हणाल्या, वगळ, आणि तळटीप दे.

मी शेडवर गेले.
वॉटीने वही उघडलीही नाही.
"वीस नंबर लंगडत होती. मंगळवारी पहाटे
तिला पार त्या टोकाला हलवली.
एका वेताच्या दोघी. पाठीला पाठ लावून झोपायच्या."

माझ्या भाषेत यासाठी शब्द आहे, मी म्हटलं.
पाठची. आपल्यामागून जन्मलेली.
त्याने म्हणून पाहिलं, 'पॅच्ची',
आणि मान हलवली, जणू शब्द बरोबर बसला.

माझी पाठची परभणीला असते.
माझं जेवण उरकतं तेव्हा तिथे मध्यरात्र,
तरी जागी राहून फोन करते.
कशी आहेस? मजेत. तू? मजेत.
मग थोडा वेळ दोघींकडचे पंखे आणि हीटर ऐकत बसतो.

वगळण्याचे कारण, असा रकाना आहे.
त्यात मी 'तांत्रिक' लिहिलं, खोडलं,
अजून ते तसंच आहे.

त्या मंगळवारची माझी नोंदही सापडली.
एकोणीस नंबरने बोळा लगेच घेतला होता,
न खेळता चघळला होता,
आणि सोडून दिला होता.
पुढे माझ्याच अक्षरात:
वर्तन शांत.